वस्तीवर आलेली पांढरी पेटी

थंडीत आपल्या रानात काय काय पिकतं, हे बायडाबाईला पन्नाशी उलटल्यावर कळलं. जन्मभर मातीत राबलेल्या बाईबद्दल असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मिरजगावच्या आसपास अशा बाया वस्तीवस्तीवर आहेत.

लग्न झाल्यापासून तीस हंगाम ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक यायचा. भांडी, शेरडं, पिठाची पोती आणि कडेवरचं लेकरू असं सगळं त्यात चढवून ती आणि गहिनीनाथ कारखान्याच्या वाटेला लागायचे. निघताना ज्वारी पोटरीएवढी झालेली असायची आणि परत यायचे तेव्हा चैत्र लागलेला असायचा. रानात नुसती धसकटं उभी. मधल्या काळात तेव्हा हयात असलेली सासू पीक राखायची, काढायची, मळून ठेवायची. हुरडा कधी आला, कुणी खाल्ला, पावट्याला किती शेंगा लागल्या, हे बायडाबाईनं फक्त ऐकलं.

मग तिचे गुडघे गेले. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की आता वाकायचं नाही. कोयता मुलाच्या आणि सुनेच्या, म्हणजे हनुमंत आणि आरतीच्या हातात गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच बायडाबाई आणि गहिनीनाथ पौष महिन्यात स्वतःच्या घरी राहिले.

त्या थंडीत ती नुसती चक्रावून गेली. घरामागच्या दोन गुंठ्यांत तिनं वाटाणा, पावटा, गाजर असं सहज म्हणून टाकलं होतं. बांधाला हरभरा होता आणि पुढं गूळभेंडी ज्वारीचं रान. एका सकाळी दार उघडून ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. सगळं एकदम भरून आलं होतं. वाटाण्याच्या वेलाखाली जमीन दिसत नव्हती.

"आगं बया, ह्ये येवढं आपलंच व्हय?"

"न्हाई, शेजाऱ्याचं हाय. जरा ठिवून गेलाय," गहिनीनाथ म्हणाला.

त्यानं बांधावर खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली. कणसं भाजली, हातावर चोळली आणि हिरवे गरम दाणे तिच्या ओंजळीत ओतले. पहिला घास बायडाबाईनं खाल्ला. काय ती गोडी! पण दुसरा घास तिनं घेतलाच नाही. हनुमंत रांगत होता तेव्हापासून दर थंडीला उसाच्या फडातच असायचा. आता तो तिशीला आला होता, बापाचं रान तोच नांगरत होता, पेरत होता, आणि त्या रानातला हुरडा त्यानं एकदाही खाल्ला नव्हता. बायडाबाईला ही गोष्ट इतकी लागली की ती हातातले दाणे तसेच घेऊन घरात आली.

त्या वर्षापासून तिनं एकच ध्यास घेतला. पोरं चैत्रात येतील तेव्हा त्यांच्या ताटात थंडी वाढायची. पहिल्या वर्षी तिनं हुरडा वाळवून ठेवला, तर त्याची साधी ज्वारी झाली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या सत्यशीलाच्या फ्रिजमध्ये वरच्या खणात चार पुड्या कोंबल्या. लाईट जाऊन येऊन त्याचा असा काही वास सुटला की सत्यशीलाच्या नवऱ्यानं फ्रिज धुवायला अंगणात काढला. तिसऱ्या वर्षी मात्र बायडाबाईनं दोन बोकड विकले आणि पैसे पदराला बांधून ती फ्रीजर बघायला निघाली.

दुकानदारांना वाटलं होतं, अडाणी बाई आहे, रंग बघेल आणि घेऊन जाईल. कर्जतच्या दुकानात पोऱ्याऐवजी मालकच पुढं आला आणि त्यानं काचेच्या झाकणाचा चकचकीत फ्रीजर दाखवला. बायडाबाईनं विचारलं, "लाईट गेल्यावर झाकान उघडलं न्हाई तर किती तास गार राहतंय?"

मालक गडबडला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "मावशी, ह्याला पाच वर्षांची गॅरंटी आहे."

"गॅरंटी माझा वाटाना गार ठिवती का?"

खरं सांगायचं तर ती आधीच शिकवणी घेऊन आली होती. मिरजगावच्या स्टँडजवळ वैजनाथचं आइस्क्रीमचं दुकान आहे. गेली बारा वर्षं तो आमच्या भागातली लाईट आणि त्याचा माल यांच्यामध्ये उभा आहे, त्यामुळं त्याच्याइतकं फ्रीजरमधलं कळणारा माणूस पंचक्रोशीत नाही. त्यानं तिला सगळं फोड करून सांगितलं होतं. उभा फ्रीजर उघडला की गारवा पायाशी सांडतो, आडव्या पेटीत तो खाली बसून राहतो. काचेचं झाकण दुकानाला ठीक, घराला जाड बंद झाकण. गरजेपेक्षा मोठा घ्यायचा नाही, कारण भरलेली पेटी गार राहते आणि रिकामी लवकर तापते. आपल्याकडं दाब वरखाली होतो, तर सोबत स्टॅबिलायझर हवाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस मिरजगावातला पाहिजे.

बायडाबाईनं पाच दुकानं पालथी घातली. प्रत्येक फ्रीजरच्या झाकणात ती कागदाचा तुकडा धरायची, झाकण लावायची आणि कागद ओढून बघायची. सहज निघाला तर म्हणायची, "रबर ढिलं हाय." एका दुकानात तर तिनं चालू फ्रीजरला पाठीमागून कान लावला. तिथली गिऱ्हाइकं आ वासून बघत राहिली. स्वस्तात मिळणारा एक चांगला फ्रीजर तिनं सोडून दिला, का तर त्याचा मेकॅनिक नगरहून चार दिवसांनी येणार होता. चार दिवसांत हुरड्याचं काय होतं, ते तिला सत्यशीलाच्या फ्रिजनं शिकवलं होतं.

शेवटी मिरजगावातच तिला मनासारखा मिळाला. पांढरा, आडवा, जाड झाकणाचा, कागद ओढला तर फाटेल पण निघणार नाही असा. पोरांना चैत्रात एकदम चकित करायचं म्हणून तिनं ही गोष्ट वैजनाथ सोडला तर कुणालाच सांगितली नव्हती. गहिनीनाथलाही तिनं आदल्या दिवशी सांगितलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. त्यातून तो तापानं पडला होता. त्याच दिवशी गावातल्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं होतं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं होतं. एका सलाईनवर गडी असा उठला की सकाळी गोफण घेऊन थेट रानात, माळ्यावर पाखरं राखायला.

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या भागात लांबट पांढरी पेटी दारात येते ती एकाच कामासाठी. म्हातारं माणूस घरी मरतं आणि त्याची लेकरं दोन-चार जिल्हे ओलांडून ऊस तोडत असतात. ती येईपर्यंत मिरजगावातल्या एका मंडळाची थंड पेटी आणून त्यात माणसाला ठेवतात. ती पेटी वाहायचं काम कानिफनाथच्या टेम्पोचं. एरवी कानिफनाथ टेम्पो असा पळवतो की कोंबड्या उडतात. तो फक्त पेटी असली म्हणजे हळू जातो.

आणि बायडाबाईनं फ्रीजर आणायला बोलावला तो कानिफनाथच. दुसरा टेम्पो त्या दिवशी कुठला मिळणार! दुकानदारानं त्याला बजावलं होतं, "गचके देऊ नको, आडवी-तिरकी करू नको." धूळ बसू नये म्हणून कानिफनाथनं टेम्पोतली चादर वरून टाकली. ती चादर पांढरी होती. भर दुपारी, माणूस चालेल त्या गतीनं, टेम्पो सगळ्या वस्त्यांवरून गहिनीनाथच्या घराकडं गेला. पुढं कानिफनाथच्या शेजारी बायडाबाई बसली होती. गुडघे दुखत असल्यानं तिचा चेहरा तसाही रडवेला दिसत होता.

फ्रीजर पुढच्या खोलीत ठेवून कानिफनाथ चहा न घेताच गेला, त्याला कांद्याचं भाडं होतं. चार तास लाईट लावायची नाही असं दुकानदारानं सांगितलं होतं, म्हणून बायडाबाई पेटीजवळ जमिनीवर बसून राहिली. तेवढ्यात सत्यशीला पदर तोंडाला लावून दारात आली. तिच्यामागं आणखी सात-आठ बाया होत्या.

"आक्का गं!" म्हणून सत्यशीलानं तिच्या गळ्यात हात टाकला आणि हंबरडा फोडला.

बायडाबाईनं लगेच ताडलं. सत्यशीलाचा बाप बरेच दिवस आजारी होता. तोच गेला असणार! तिनंही सत्यशीलाला घट्ट धरलं आणि सूर लावला. दोघी एकमेकींना मिठी मारून रडत होत्या, एकमेकींची पाठ थोपटत होत्या. "धीर धर गं बाई," ही म्हणायची. "तू धीर धर गं," ती म्हणायची. असं चांगलं दहा मिनिटं चाललं.

रडण्याचा आवाज ऐकून गहिनीनाथ रानातून धावत आला. गोफण खांद्यावर टाकून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कोन गेलं?"

एक बाई किंचाळून मागच्या दारानं पळाली. सत्यशीला जागेवर मटकन बसली. तिच्या तोंडाचा आ मिटेना. मग हळूहळू उलगडा झाला, पेटीचं झाकण उघडून दाखवलं, आत कुणी नाही याची प्रत्येकीनं खात्री करून घेतली आणि हसून हसून बायांची मुरकुंडी वळली.

सत्यशीला मात्र हसत नव्हती. टेम्पो घरावरून गेला तेव्हाच तिनं कर्नाटकात हनुमंतला फोन करून टाकला होता, आणि हे आता सांगायची तिला लाज वाटली. ती गुपचूप अंगणात गेली आणि तिनं परत फोन लावला. "काय न्हाई बरं का. आप्पा बरे हायेत. मगाशी चुकून फोन केला," असं म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आपण निस्तरलं असं तिला वाटलं.

अहो, कसलं निस्तरलं! आपल्याकडं माणूस गेल्याचं फोनवर कधी कुणी सांगतं का? 'जरा बरं नाही, निघून या' एवढंच सांगायचं. वाटेत त्यानं विचारलं तर 'आता बरं आहे, घाबरू नको' म्हणायचं, म्हणजे प्रवासात त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. बायडाबाईची आई गेली तेव्हा तिलाही फडात हेच सांगितलं होतं. त्यामुळं 'बरे आहेत' हा दुसरा फोन आला की ऐकणाऱ्याला उरलीसुरली शंकाही राहत नाही.

थोड्या वेळानं हनुमंतचा फोन बायडाबाईला आला. घरात तो एकच मोबाईल. मागं बायांचा गलका चाललेला.

"आई, घरी गर्दी कसली?"

फ्रीजरचं गुपित फुटेल म्हणून बायडाबाई सावध झाली. "काय न्हाई रं. बाया आल्यात आशाच."

"आप्पा कुठं हायेत? त्यास्नी दे."

गहिनीनाथच्या हातात फोन दिला की पहिल्या वाक्यात फ्रीजर बाहेर पडला असता. "त्येंचं काय काम? मला सांग की. सगळं बरं हाय इकडं."

मग "बरं," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. काम फार असेल, असं बायडाबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला ती मागच्या चुलीवर वाटाणे उकळत्या पाण्यातून काढत होती. दोन मिनिटं गरम, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून पिशवीत, हेही वैजनाथनंच शिकवलं होतं. पहाटे उठून तिनं पहिल्या वीस पिशव्या भरून ठेवल्या होत्या. नवी वस्तू म्हणून फ्रीजरला हळदकुंकू लावलं होतं, परसातल्या झेंडूचा हार घातला होता आणि पुढं उदबत्ती पेटवली होती.

पुढच्या खोलीतून जो आवाज आला, तो तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. हातातलं पातेलं तिथंच टाकून ती धावली. हनुमंत फ्रीजरवर पालथा पडला होता. दोन्ही हातांनी त्याला कवेत घेऊन, कपाळ झाकणावर आपटत तो ओरडत होता, "आप्पा! आप्पा, मी आलोय!" त्याच्या कपड्यांवर अजून उसाची काळी राख होती. आरती भिंतीला धरून उभी होती. तिच्या हातात मिरजगावातून घेतलेला गुलाबाचा हार होता.

हनुमंतनं वर बघितलं. आईच्या कपाळावर कुंकू जसंच्या तसं होतं, हाताला वाटाण्याची सालं चिकटली होती. त्यानं तिच्याकडं बघतच झाकण उचललं. आत हिरव्यागार वाटाण्याच्या पिशव्या ओळीनं रचलेल्या होत्या.

"ह्ये काय हाय?"

तेवढ्यात मोरीतून टॉवेल गुंडाळून गहिनीनाथ बाहेर आला. "कवा आला रं?" त्यानं विचारलं.

हनुमंत जमिनीवर बसला, बापाकडं बघत राहिला आणि मग एकदम भडकला. इतका की आरतीलाही त्याला आवरता येईना. मुकादमाच्या हातापाया पडून ते निघाले होते. ट्रकच्या टपावर, एसटीत उभ्यानं, घोटभर पाणी न पिता आले होते. "आख्खी रात मी ह्येंच्या सरनाची लाकडं मोजत आलो आई! आन् तुमी पेटीत वाटानं भरताय?"

"तुमच्यासाठीच घेतला रं," बायडाबाई कशीबशी म्हणाली. "तुमी येता तवा रानात काय बी नसतं. तुमच्या वाटनीचं ठिवावं म्हनलं."

आरती पुढं आली, तिनं पेटीतली एक पिशवी उचलून हातात धरली. "आत्या," ती म्हणाली, "येवढ्यासाठी?" आणि ती पिशवी गालाला लावून रडायला लागली.

गहिनीनाथनं कपडे घातले, चार गोवऱ्या उचलल्या आणि बांधाकडं निघाला. तासाभरात आगटीभोवती चौघं बसली होती. गुलाबाचा हार कुणाच्या लक्षात नव्हता, तो फ्रीजरवरच राहिला होता. गहिनीनाथनं कणीस भाजून चोळलं आणि दाणे हनुमंतच्या हातावर ठेवले. त्यानं तोंडात टाकले. चावता चावता तो थांबला.

"ह्यो आपला हाय?"

"आपलाच. तूच पेरून गेल्तास."

हनुमंत लहान पोरासारखा खात सुटला. आरतीनं ओंजळ पुढं केली, परत केली, परत केली. बायडाबाई दोघांकडं बघत होती. तीन वर्षं जिच्यासाठी जीव टांगणीला लावला होता, ती गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती, आणि आनंदापेक्षा तिला धक्काच जास्त बसला होता. पोरांना थंडीत घरी यायला घरातलं कुणीतरी मरावं लागतं, हे तिच्या आता ध्यानात आलं.

हनुमंतच्या खिशातला फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा उतरला. "मुकादम हाय. तीन दिवस दिलेत त्यानं, मयतीसाठी. आप्पा जित्ते हायेत म्हनलं तर रातीच्या गाडीनं निघा म्हनंल."

फोन वाजत राहिला. आरतीनं हातातलं कणीस खाली ठेवलं. बायडाबाईनं हात पुढं केला आणि फोन घेतला.

"हनुमंता, उरकलं का रं समदं?" पलीकडून मुकादमाचा मऊ आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी त्याची आई बोलतीय."

समोर गहिनीनाथ बसला होता. धुरानं त्याचे डोळे चुरचुरत होते आणि मिशीला हुरड्याचा कोंडा लागला होता. बायडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिचा हात आपोआप कपाळावरच्या कुंकवाकडं गेला, तिथंच थांबला. जन्मात एवढं मोठं खोटं कधी न बोललेली ती बाई, आपल्याच तोंडचे शब्द परक्यासारखी ऐकत होती.

"व्हय," ती म्हणाली. "गेले. काल दुपारी गेले. तिसरा झाला की लावून देते पोरास्नी."

"लई वाईट झालं, माय. वीस वरसं माझ्या टोळीत हुता. आसा मानूस हुनार न्हाई."

आपली स्तुती ऐकून गहिनीनाथनं मान डोलावली. बायडाबाईनं फोन बंद केला आणि हनुमंतच्या हातात दिला. कुणी कुणाकडं बघेना. आगटीत एक कणीस तडतडून फुटलं.

गहिनीनाथनं तळव्यावरच्या दाण्यांचा कोंडा फुंकला.

"तिसऱ्याचं कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "दहाव्याचं सांगायचं हुतं."